पहिले वर्ष, केटी आणि घरी न सांगितलेली गोष्ट

चौथी सीट (धागाकर्ती)

गेल्या मंगळवारी सकाळी जलद लोकलच्या महिलांच्या डब्यात माझ्यासमोर एक मुलगी जर्नल उघडून बसली होती. ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत तिने एकही पान उलटले नाही. तिच्या गळ्यातील ओळखपत्राची फीत कोरी करकरीत होती, त्यावरून ती पहिल्या वर्षाला असावी असे मला वाटले. मी तिच्याशी बोलले नाही, कारण काय बोलावे तेच सुचले नाही, आणि दिवसभर मनाला रुखरुख लागून राहिली. गेल्या वर्षी त्याच डब्यात मी तशीच बसत असे. तिला जे सांगायचे राहिले ते येथे लिहिते आहे.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. वडील एस.टी.त वाहक आहेत आणि आई अंगणवाडी सेविका आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी देवरुखला, आणि नंतर प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. राहण्याची सोय डोंबिवलीला मामाकडे झाली. गावातून निघताना वाडीतल्या प्रत्येक घरी पेढे दिले होते, आणि पुढे वर्षभर त्या पेढ्यांचेच ओझे मला सर्वांत जास्त जाणवले.

पहिल्या सत्रात नेमके काय बिघडले, हे मला त्या वेळी कळले नव्हते. घर ते महाविद्यालय हा प्रवास एका बाजूने 1 तास 40 मिनिटांचा होता. डोंबिवलीहून कुर्ला, तेथे पूल चढून हार्बर मार्गाच्या फलाटावर, आणि पुढे चालत. म्हणजे दिवसाला 3 तास 20 मिनिटे आणि सहा दिवसांचे 20 तास. घरी पोचले की जर्नल आणि असाइनमेंट लिहिण्यात रात्रीचे बारा वाजत, आणि सकाळी पाचला उठावे लागे. गणिताचा, म्हणजे आमच्या भाषेत एम-वनचा, अभ्यास रविवारसाठी राखलेला असे आणि रविवारी मी झोपून जात असे. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता वेळ संपून जाई, आणि माझ्यानंतर उभ्या राहिलेल्या मुलाने अर्धवट उत्तर सफाईने दिले की मला वाटे, आपण चुकून येथे आलो आहोत.

ऑक्टोबरपासून रोज सकाळी कुर्ला जवळ आले की पोटात कळ येऊ लागली. मामाने डॉक्टरांकडे नेले, तपासणीत काही निघाले नाही आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. सुटीच्या दिवशी कळ येत नसे. घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की मला महाविद्यालयात जायचा कंटाळा आहे, आणि हळूहळू मलाही ते पटू लागले.

फेब्रुवारीत निकाल लागला. एम-वनमध्ये 7 गुण कमी पडून केटी लागली होती. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टु कीप टर्म्स’, अर्थात राहिलेला विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढच्या सत्रात बसण्याची मुभा. नियमाच्या भाषेत ती सवलत आहे. माझ्या कानांना मात्र तो शिक्का वाटला. निकालाची छापील प्रत मी घडी करून जर्नलच्या प्लास्टिकच्या आवरणात, मुखपृष्ठाच्या मागे ठेवली आणि घरी सांगितले की निकाल अजून लागलेला नाही.

हे 19 दिवस चालले. त्या दिवसांत मी अभ्यास केला नाही, कारण माझी सगळी शक्ती निकाल लपवण्यात खर्च होत होती. आईचा फोन आला की मी गाडीत आहे असे सांगून ठेवून देत असे. एका वर्गमैत्रिणीची आई डोंबिवलीतच राहत असल्याने, ती कधीतरी मामीला बाजारात भेटेल या भीतीने मी त्या मैत्रिणीशीही बोलणे कमी केले. एकदा कुर्ल्याच्या फलाटावर बाकावर बसून मी हार्बरच्या लागोपाठ चार गाड्या सोडल्या. पाय उचलतच नव्हते. शेजारी बसलेल्या एका मावशींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मला कळले की मी रडत होते.

त्या संध्याकाळी मामी मेथी निवडत होती. मी समोर बसून जुडी हातात घेतली. दोघींच्या माना खाली होत्या, हात चालू होते, एकमेकींच्या तोंडाकडे पाहायचे नव्हते, म्हणूनच बहुधा मला बोलता आले. मी म्हणाले, “मामी, निकाल लागलाय. मला केटी लागली.” मामीने विचारले, “किती विषयांत?” मी म्हणाले, “एका.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बरं. आधी ही मेथी संपवू, मग चहा ठेवते, मग तुझ्या आईला फोन लावू. मी बोलते आधी.”

केटी तशीच होती, प्रवास तेवढाच होता, पण त्या रात्री मी सात तास झोपले. कित्येक महिन्यांत तेवढी झोप मिळाली नव्हती. मला आज जे वाटते ते असे की पहिल्या वर्षाचा अभ्यास, प्रवास, भाषा यांचा ताण खरा असतो, पण तो सोसता येतो. तो एकट्याने, लपवून सोसायला लागतो तेव्हा मात्र तो माणसाला आतून पोखरतो. ज्यांनी हे अनुभवले आहे, जे शिकवतात, ज्यांची मुले या वयात आहेत, त्यांनी येथे जरूर लिहावे.

फळा आणि खडू

मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात 31 वर्षे गणित शिकवले आणि आता निवृत्त आहे. तुझे लेखन दोनदा वाचले. तुझ्यासारख्या अनेक मुली माझ्या वर्गात मागच्या बाकांवर बसून गेल्या असतील, आणि त्यांपैकी किती जणींना मी विचारले, याचा हिशेब आज मला अस्वस्थ करतो आहे.

बारावीपर्यंत विद्यार्थ्याच्या वेळेचा हिशेब दुसरे कोणी तरी ठेवत असते. शाळा, क्लास, सराव परीक्षा, घरचे, असे सगळे मिळून त्याला पुढे ढकलत असतात. महाविद्यालयात हे सगळे एकाच जूनमध्ये थांबते. वर्गात शंभर जण, सत्र जेमतेम साडेतीन-चार महिन्यांचे, गणपती, नवरात्र आणि पावसाने बुडालेले दिवस वजा केले की शिकवण्याचे दिवस आणखी कमी. विद्यार्थी एखाद्या विषयात मागे पडला आहे, हे त्याला स्वतःला कळेपर्यंत परीक्षा आलेली असते. माझ्या पाहण्यात पहिल्या वर्षी नापास होणारी बहुतेक मुले बुद्धीने कमी नव्हती. त्यांना आठवड्याची मोजणी करायला कोणी शिकवलेलेच नव्हते. तू 20 तासांचा प्रवास मोजलास, ही मोजणी प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात कागदावर करायला हवी. जे 20 तास गाडीत जातात ते रात्रीच्या झोपेतून भरून काढायचे नसतात.

गाडीतल्या वेळेचे काय करावे, याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण उभ्याने वही वाचण्याचा हट्ट मी अनेकांचा पाहिला आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यानंतर विस्मरणाचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसले की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो एकदा वाचून पुढे न पाहता आठवणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिला. गंमत अशी की लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून वाचणाऱ्याला आपला अभ्यास झाला असे वाटत राहते. आता याचा लोकलशी संबंध पाहा. गर्दीत वही उघडणे कठीण असते, पण आठवायला वही लागत नाही. सकाळच्या गाडीत ठाणे ते घाटकोपर एवढ्या वेळात काल शिकवलेल्या एका प्रमेयाच्या पायऱ्या मनात मांडायच्या, जेथे अडकेल ती जागा लक्षात ठेवायची आणि महाविद्यालयात पोचल्यावर तेवढीच पाहायची. बाकीचा वेळ डोळे मिटून घ्यावेत किंवा खिडकीबाहेर पाहावे. परतीच्या गाडीत तर अभ्यास करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेविषयीही एक सांगायचे आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी संज्ञा अडवत नाहीत, कारण त्या अकरावीपासून कानावर असतात. त्यांना अडवतात ती संज्ञांना जोडणारी साधी वाक्ये, म्हणजे ‘म्हणून’, ‘याउलट’, ‘असे गृहीत धरले तर’ यांची इंग्रजी रूपे. अशी वीस-पंचवीस वाक्ये वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ती मोठ्याने म्हणण्याचा सराव केला की तोंडी परीक्षेतील निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी, शिक्षकांच्या खोलीचे दार एकदा वाजवले की जाते. मी दुपारी दीडनंतर खोलीत एकटीच बसलेली असे, आणि वर्षभरात शंका घेऊन येणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत.

बदलापूरचा बाबा

माझा मुलगा या वर्षी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. धागा वाचून मी बराच वेळ काही न करता बसून राहिलो. रोज संध्याकाळी मी त्याला विचारतो, “आज काय शिकवलं?” आणि तो “काही नाही” म्हणून आत निघून जातो. परवा मी त्याला आवाज चढवून बोललो, कारण महाविद्यालयातून संदेश आला होता की त्याची उपस्थिती 75 टक्क्यांपेक्षा कमी आहे आणि त्याचे नाव डिफॉल्टरच्या यादीत लागणार आहे. सकाळी तो घरातून वेळेवर निघतो. मग तो जातो कोठे?

मला खरोखर जाणून घ्यायचे आहे की मुलगा आळस करतो आहे की त्याला त्रास होतो आहे, हे बापाने कसे ओळखावे. त्याच्या आईचे म्हणणे आहे की मी शांत राहावे. मला भीती वाटते की शांत राहिलो तर वर्ष हातचे जाईल.

चौथी सीट

काका, तो कोठे जातो ते मला अर्थातच माहीत नाही, पण मी स्वतः कोठे जात होते ते सांगू शकते. मी फलाटावर बसत होते, आणि दोनदा तशीच सीएसएमटीपर्यंत जाऊन परत आले होते. महाविद्यालय बुडवून मौज करणारी मुले बहुधा घोळक्याने असतात आणि त्यांचे चेहरे वेगळे दिसतात.

“आज काय शिकवलं?” हा प्रश्न मला फार अवघड जाई, कारण मला वर्गात काहीच समजलेले नसे आणि खरे उत्तर द्यायचे तर तेच द्यावे लागले असते. त्याऐवजी मामा कधीकधी विचारत असे, “आज बसायला मिळालं का?” त्याचे उत्तर मी देत असे, आणि त्यातून पुढचे बोलणे आपोआप निघत असे.

रात्रपाळी

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या मनोविकारशास्त्र विभागात काम करतो. येथे कोणाचेही निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही, परंतु धागाकर्तीची पोटातली कळ आणि बदलापूरच्या काकांचा प्रश्न, या दोन्हींविषयी काही लिहिता येईल.

ती कळ खोटी नव्हती. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनालिन आणि काही वेळाने कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडली जातात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तपुरवठा मोठ्या स्नायूंकडे वळतो आणि पचनाचे काम मागे पडते. पळून जाण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. कुर्ल्याच्या पुलावर पळायचेही नसते आणि लढायचेही नसते, त्यामुळे ती तयारी पोटात कळ, छातीत धडधड, हातापायांना घाम अशा रूपाने जाणवत राहते. सुटीच्या दिवशी कळ येत नाही याचा अर्थ मुलगी ढोंग करते असा लावणे ही फार जुनी आणि फार दुखावणारी चूक आहे. सुटीच्या दिवशी शरीराला धोका दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी श्वास सावकाश घेऊन त्याहून अधिक सावकाश सोडणे, म्हणजे चार आकडे मोजत आत आणि सहा-सात मोजत बाहेर, असे पाच मिनिटे केल्यास उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती मंदावण्याची जी नैसर्गिक व्यवस्था आहे तिचा उपयोग होतो. हे गर्दीत उभ्याउभ्याही करता येते.

थोडा ताण अभ्यासाला उपयोगीच पडतो. पण रोज पाच तास झोपून महिनोन्‌महिने तो सोसणे वेगळे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते आणि सतरा-अठराव्या वर्षी त्याहून थोडी जास्तच. त्यात या वयात शरीराचे घड्याळच उशिरा झोप येण्याकडे सरकलेले असते. पहाटेच्या गाडीसाठी उठणाऱ्या मुलाला दहा वाजता झोप येत नाही, हा त्याचा हट्ट नसतो.

काका, आळस की त्रास हे एका दिवसावरून ओळखता येत नाही. मी पालकांना विचारतो ते असे: ज्या गोष्टींत मुलाला पूर्वी आनंद वाटायचा, म्हणजे क्रिकेट, गाणी, मित्र, आवडीचे खाणे, त्यांतही त्याचे मन लागेनासे झाले आहे का? आळशी मुलगा अभ्यास टाळतो, पण सामना पाहायला तो उत्साहाने बसतो. उदास मुलगा सामनाही पाहत नाही. अशी उदासी, झोपेत किंवा भुकेत झालेला बदल, चिडचिड, लक्ष न लागणे, स्वतःला कमी लेखणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिसत असेल तर तज्ज्ञांना भेटावे. आणि ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे एखादे वाक्य जरी त्याच्या तोंडून निघाले, तरी दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसावे, सरळ आणि शांतपणे विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि मदत घ्यावी. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे.

मदत कोठे मिळेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असा आहे, ती विनाशुल्क आणि चोवीस तास उपलब्ध असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकारशास्त्र विभाग आहेत. सकाळी बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून तेथे दाखवता येते. रांग असते, तेव्हा सोबत कोणाला तरी न्यावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे. तुमच्या माहितीची गोपनीयता राखणे डॉक्टरांवर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या असून, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये किमान एक पात्र समुपदेशक असावा असे त्यांत म्हटले आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन “समुपदेशक कधी भेटतात?” असे विचारण्यात काहीही वावगे नाही.

एक गोष्ट मराठी बोलणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा असा आहे की आपली इच्छा जेव्हा अट्टहास बनते तेव्हा भावना हाताबाहेर जातात. मराठीत हा फरक एका अक्षरात ऐकू येतो. “मला पहिल्या प्रयत्नात पास व्हायचं आहे” ही इच्छा झाली, आणि “मला पहिल्या प्रयत्नात पास व्हायलाच हवं” हा अट्टहास झाला. माझ्यासमोर बसलेला विद्यार्थी बोलू लागला की मी त्याच्या वाक्यांतले ‘च’ मोजतो आणि काही वेळाने तेच वाक्य त्याला ‘च’ काढून पुन्हा म्हणायला सांगतो. अनेकांचा आवाज त्या क्षणी बदलतो.

नवी तुकडी

मी पहिल्या वर्षाला, माहिती तंत्रज्ञान शाखेत आहे. लातूर जिल्ह्यातून आले असून वसतिगृहात राहते. मला प्रवासाचा त्रास नाही, पण खोलीत आम्ही चौघी आहोत आणि उरलेल्या तिघी आधीपासून एकमेकींच्या ओळखीच्या आहेत. पहिल्या युनिट टेस्टमध्ये मला दोन विषयांत 20 पैकी 5 आणि 6 गुण मिळाले. रोज रात्री मी आईला “सगळं ठीक आहे” असा संदेश पाठवते. आज मोजले तर असे 52 संदेश झाले आहेत.

पैशांचेही दडपण आहे. वडिलांचे सोयाबीनचे पीक या वर्षी पावसात गेले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरला आहे, पण महिनाभर तो महाविद्यालयाच्या पातळीवर प्रलंबित दिसतो. कार्यालयातील खिडकीवर गेले की “नंतर या” असे सांगतात. मेसचे पैसे वाचवण्यासाठी मी रात्रीचे जेवण अधूनमधून सोडते. आईला हे कळले तर ती वडिलांना सांगेल आणि ते कोणाकडून तरी उसने घेतील, म्हणून मी सांगत नाही.

फळा आणि खडू

बाळ, आधी जेवणाविषयी. आजपासून रात्रीचे जेवण सोडायचे नाही. अर्धपोटी राहून गणित डोक्यात शिरत नाही, हे मी आईच्या मायेने सांगते आहे आणि शिक्षिकेच्या अनुभवानेही.

अर्जाविषयी असे कर. खिडकीवर तोंडी विचारू नकोस. अर्जाचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि सध्याची स्थिती लिहून प्राचार्यांच्या नावे एक साधा अर्ज मराठीत लिही आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे. शिक्का बसलेला कागद सहसा पुढे सरकतो. राज्य शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्त्याची योजना आहे. तू कोणत्या योजनेत बसतेस हे तुझ्या कागदपत्रांवरून ठरेल. त्यासाठी तुमच्या वर्गाच्या मार्गदर्शक शिक्षकांना सोबत घेऊन कार्यालयात जा. एकटी जाऊ नकोस.

20 पैकी 5 गुणांविषयी मला फारशी चिंता वाटत नाही. ती उत्तरपत्रिका परत माग आणि कोठे गुण गेले ते पाहा. सत्रांत परीक्षेला अजून वेळ आहे.

चौथी सीट

नवी तुकडी, तुझे 52 संदेश वाचून मला माझे 19 दिवस आठवले. तू आईला वाचवते आहेस असे तुला वाटते, मलाही तसेच वाटत होते. मामीने फोन लावला त्या रात्री माझी आई मला म्हणाली, “तू फोन ठेवून द्यायचीस तेव्हा मला वाटायचं, हिला आता आमची लाज वाटते.” ते ऐकून मला केटीपेक्षा जास्त वाईट वाटले. आपण लपवत असतो, पण पलीकडच्या माणसाला काहीतरी लपवले जात आहे एवढे कळतेच, आणि कारण माहीत नसल्याने तो त्याहून वाईट काहीतरी कल्पना करत बसतो.

सांगायचे कसे, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सगळे एका दमात सांगण्याची गरज नाही. आई कामात असेल, तिचे हात चालू असतील, अशी वेळ निवड. पहिले वाक्य आधी कागदावर लिहून ठेव आणि तेवढेच वाच. आपण घाबरलो आहोत हेही सांग, कारण नुसते गुण सांगितले तर बोलणे गुणांवरच अडकते. आणि आधी एखाद्या तिसऱ्या माणसाने बोलावे असे वाटत असेल तर तसे कोणी शोध. माझ्यासाठी मामी होती.

एम-वनचे पुढे काय झाले तेही सांगते. मी तो विषय पुढच्या परीक्षेत सोडवला. मार्च ते मे रोज सकाळी ठाणे ते घाटकोपर मी एकच उदाहरण मनात सोडवत असे, योगायोगाने मॅडमनी वर सांगितले आहे तसेच, मात्र मला त्यामागचे शास्त्र माहीत नव्हते. पोटातली कळ मात्र लगेच गेली नाही. ती जूनपर्यंत अधूनमधून येत राहिली.

बदलापूरचा बाबा

डॉक्टरसाहेब, मॅडम आणि बेटा, तिघांचेही आभार. काल मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी बदलापूर स्थानकावर गेलो आणि मुलाची वाट पाहिली. तो उतरला, मला पाहून घाबरला. मी त्याला म्हणालो की भूक लागली आहे, वडापाव खाऊ. खाताना मी विचारले, “आज बसायला मिळालं का?” तो म्हणाला की तो रोज दादरला उतरून एका अभ्यासिकेत जाऊन बसतो, कारण वर्गात त्याला कोणी ओळखत नाही आणि डबा एकट्याने खायला त्याला लाज वाटते. लेखाकर्म त्याला आवडते, त्याची वही मी पाहिली, ती पूर्ण आहे.

डबा एकट्याने खावा लागतो म्हणून मुलगा वर्गात जात नाही, हे माझ्या मनात कधी आले नसते. सोमवारी आम्ही दोघे मिळून त्याच्या वर्गशिक्षकांना भेटणार आहोत. त्याने स्वतः हो म्हटले आहे.

नवी तुकडी

काल रविवारी आईला फोन केला. ती भाकऱ्या करत होती, थापण्याचा आवाज येत होता. मी कागदावरचे वाक्य वाचले: “आई, मी रोज ठीक आहे असं लिहिते, पण मी ठीक नाही आणि मला भीती वाटते आहे.” थापण्याचा आवाज थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले की मेसमध्ये रात्रीचे जेवण किती वाजता बंद होते. मी साडेनऊ म्हणाले. ती म्हणाली, “मग नऊला मला फोन करायचा, जेवत जेवत बोलायचं.”

गुणांचे मी शेवटी सांगितले. तिने ते वडिलांनाही सांगितले आहे. आज सकाळी प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. सोबत खोलीतल्या तिघींपैकी एक आली होती, कारण तिचाही अर्ज अडकलेला आहे, आणि हे मला आजपर्यंत माहीत नव्हते. समुपदेशक मंगळवारी आणि शुक्रवारी येतात असे कळले. मी शुक्रवारी 11 वाजताची वेळ घेतली आहे.